वायर ओढण्याची चाचणी

"इस्त्रीला ही वायर ओढून बघायची चाचणी कशाला हवी?" अध्यक्षांनी विचारलं. इस्त्री, मिक्सर आणि केटली यांचे वेगवेगळे सुरक्षा-नियम एकत्र करून एकच नियमावली करायची होती, आणि सगळ्यांना जेवणाआधी मोकळं व्हायचं होतं.

"शहाणा माणूस प्लग धरूनच काढतो," टेंभे म्हणाले. "वायर ओढणाऱ्यांसाठी आपण नियम करत बसायचं का?"

"गाळून टाका," अध्यक्ष म्हणाले.

निगुडकरांनी घसा खाकरला. शेजारच्या वहिनींना इस्त्रीच्या निसटलेल्या वायरीचा शॉक बसला, त्यानंतर निगुडकरांनीच ही चाचणी नियमांत घालून घेतली होती. वहिनींचा उजवा हात अजून नीट वळत नाही. 'चाचणी गाळू नका' एवढं एकच वाक्य ते सकाळपासून मनात घोळवत होते. ते बोललेही, पण कोपऱ्यातली केटली खदखदत होती, त्यात ते कोणाला ऐकू गेलं नाही.

"मोठ्यानं बोला हो, निगुडकर. थांबा, आधी हिला गप्प करतो." अध्यक्षांनी बसल्या जागेवरून वाकून वायरीला हिसका दिला.

केटली गप्प झाली. प्लग भिंतीतच राहिला. अध्यक्षांच्या हातात नुसती वायर आली, टोकाला तांब्याच्या तारा.

टेंभ्यांनी चष्मा काढून पुसला. "तिन्हींना लावू या ही चाचणी."

"लावा," अध्यक्ष वायर खाली ठेवत म्हणाले. "हां निगुडकर, तुम्ही काय म्हणत होतात?"

"काही नाही," निगुडकर म्हणाले. "चहा झाला का, एवढंच."