आतली कडी

सुताराच्या बायकोच्या डोक्याला या कडीने नुसता ताप दिला होता. नवऱ्याचं काम असं सुबक, की गिऱ्हाइकाने दारावरून हात फिरवत राहावं. पण गेल्या महिन्यात दोघांनी फोन करून विचारलं होतं, कपाटाला आतून कडी कशाला? आज टेम्पो दारात उभा, आणि नव्या कपाटात पुन्हा तेच.

"अहो, कपाटात कपडे राहतात. ते काय आतून कडी लावून बसणार आहेत?"

"हात आपोआप जातो गं," तो खाली मान घालून स्क्रू काढत म्हणाला. "ती लावल्याशिवाय काम पुरं झाल्यासारखं वाटत नाही."

"आपोआप म्हणे. किती कानीकपाळी ओरडायचं मी?" तिने वैतागून नुकत्याच आलेल्या नणंदेला मध्ये ओढलं. "वन्सं, तुम्ही थोरल्या. तुम्हीच समजवा तुमच्या भावाला."

नणंद कपाटापाशी गेली. कडी छातीच्या उंचीवर होती. तिने ती दोनदा सरकवून पाहिली, मग भावाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"चुकलंच तुझं," ती म्हणाली.

चला, कुणीतरी बोललं एकदाचं, असं बायकोला वाटलं.



"ही हातभर खाली हवी. बाबांनी पट्टा काढला की आपण कपाटात लपायचो, तेव्हा तुझा हात इथवर पोचला नसता."