पाझरती भिंत

पावसात पक्षी बघून कामरेजहून परतलेल्या वाल्मिकने अंगावरचे ओले कपडेही बदलले नाहीत. आधी दुर्बीण मऊ फडक्याने टिपली आणि टोपणं काढून पंख्याखाली वाळत ठेवली.

"दमट जागी राहिली की आत बुरशी धरते," त्याने बायकोला बजावलं. "मग जन्माची वाया जाते."

उज्ज्वला मनात चरफडली. मागच्या खोलीची भिंत पाझरत होती, त्या भिंतीलगतच्या खाटेवर सासू पावसाळाभर खोकत होती आणि गवंड्याचं नाव काढलं की हा गृहस्थ म्हणायचा, "दिवाळीनंतर बघू."

दुर्बीण वाळली तशी तिने ती सासूच्या खोलीतल्या कपाटात नेऊन ठेवली.

"तिथं कशाला?" वाल्मिक ओरडला.

"कुलपाचं कपाट घरात तेवढंच आहे. बाहेर ठेवली तर पोरगी पाडेल."

रात्रभर तो कूस बदलत राहिला. सकाळी गवंडी सिमेंटची गोणी घेऊन दारात हजर.

थापीचा आवाज ऐकून खाटेवरच्या म्हातारीचे डोळे भरून आले.

"देख वं उज्ज्वला, मना पोऱ्याले मनी कितली काळजी शे!"