माहेरपण

"काय दत्तोबा, सुई लागू पडली का?" डॉक्टरांनी विचारलं.

"ब्येस हाय. काय सुदीक दुखत न्हाई."

डॉक्टरांनी टिपून घेतलं. पिंपरीच्या त्या दवाखान्यात ते वेदनेवरच्या एका नव्या औषधाची पारख करत होते. बाटल्या दोन. एकीत औषध, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी. कोणती कशाची, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. सुईनंतरही दुखत राहिलं तर रोग्यानं तसं सांगायचं. मग त्याला लगेच मॉर्फियाची खात्रीची सुई मिळे.

दत्तोबांच्या मणक्यात गाठ होती. फार दिवस उरले नव्हते. ते तरी कळा सोसत जाऊ नयेत, एवढंच त्यांच्या लेकीचं, रंभाचं मागणं होतं. ती चाकणहून, सासरहून आली होती आणि खाटेपासून हलत नव्हती.

डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. "नवल आहे. तुम्ही आल्यापासून त्यांना दोन्ही बाटल्यांचा सारखाच गुण येतोय. मॉर्फिया लागलाच नाही. मला वाटतं, औषध तुम्हीच आहात."

त्या दिवशी रंभा भाकरी खायलाही उठली नाही. दत्तोबा, तिचे आबा, बोलत राहिले.

"जावयाला म्हस अजून लाथ मारती का गं?"

"मारती की. धार काढाय मीच बसते."

"शानी हाय म्हस," आबा म्हणाले. रंभा हसली. त्यांच्या कपाळावरचा घाम तिनं पदरानं टिपला. उकाडाही होताच.

दुसऱ्या दिवशी ती लुगडं धुवायला नळावर गेली. परतताना व्हरांड्यात तिला हंबरडा ऐकू आला. कुणाचं तरी फार दुखतंय बिचाऱ्याचं, असं म्हणत ती दारात आली.

ते आबा होते. दोन्ही मुठींत खाटेचे गज. नर्स सुमनताई घाईनं सुई भरत होत्या.

आबांची नजर दाराकडे गेली. ओरडणं मध्येच तुटलं.

"ऱ्हाऊ द्या, बाई. लेक आली माझी. बरं हाय आता."

रंभाला बैल आठवला. तिच्या एका माहेरपणात गोठ्यातला बैल मेला होता. निघायच्या दिवसापर्यंत आबांनी तिला कळू दिलं नव्हतं. माहेरी आलेल्या लेकीपुढं घरातलं दुखणं काढायचं नाही, ही घरची रीत. आता तिचं माहेर या एका खाटेएवढं उरलं होतं, आणि आबा ते चालवत होते.

"आबा," ती म्हणाली, "मी आळंदीला जाऊन येते. यायला उशीर हुईल."

"जा की," आबांनी श्वास सोडला. "घाई करू नगं."

ती भिंतीपलीकडं, पायरीवर जाऊन बसली. क्षणभरानं आतून तोच हंबरडा आला. मग सुमनताईंची पावलं. मग हळूहळू सगळं निवलं.

सुमनताई बाहेर आल्या. "मॉर्फिया दिला. शांत पडलेत, तुझंच नाव घेतायत. अंमल आहे तोवर जवळ बस. थोडाच वेळ उरलाय त्यांच्याकडं."

"आन अंमल उतरला म्हंजी?"

"मग पुन्हा दुखेल. त्यांनी सांगितलं, की पुन्हा सुई देऊ."

"त्यास्नी सांगा, ताई," रंभा म्हणाली, "मी अजून आळंदीलाच हाय."