उन्हाळी पाहणी

"नाव नका सांगू, मावशी. आम्ही नावं लिहीत नाही," दारात उभी असलेली चष्मेवाली विद्यार्थिनी म्हणाली आणि तिनं हातातला जाडजूड फॉर्म उघडला.

टेलरबाईनं मशीन थांबवलंसुद्धा नाही. कशाला थांबवायचं? सोळा वर्षं हेच चाललं होतं. उन्हाळा लागला की विद्यापीठाचा शहर-अभ्यासाचा वर्ग गल्लीत उतरायचा. गळ्यात ओळखपत्र, हातात पाण्याची बाटली, आणि तोंडावर असा भाव, जणू जिवंत माणसं पहिल्यांदाच बघताहेत. प्रश्न तरी काय, तर पाणी कुठून भरता, अंधाराची भीती वाटते का, हे शहर आपलं वाटतं का! बत्तीस पानं. पहिल्या वर्षी त्यांच्या तावडीत सापडून तिचं अख्ख्या दुपारचं काम बुडालं होतं. तेव्हाच तिनं कानाला खडा लावला.

चष्मेवालीनं पहिला प्रश्न विचारला. टेलरबाईनं एका वाक्यात उत्तर दिलं. पोरगी हिरमुसली, "मग पुढची पानं तुम्हाला लागू नाहीत," म्हणाली आणि आभार मानून शेजारच्या दारी गेली. तिथूनही ती लगेच परतली. युक्ती टेलरबाईची, पण दुसऱ्याच वर्षापासून साऱ्या गल्लीला पाठ होती. शिवी नाही, भांडण नाही, दोन मिनिटांत ब्याद टळायची.

"एवढी शिकलेली माणसं," ती आत बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "पण अक्कल शोधायला यांचीच कुणी तरी पाहणी करायला हवी."

नवरा हसला. सहा वर्षांपूर्वी त्याची दोन्ही डोळ्यांची नजर गेली होती, पण या गल्लीत त्याला काठीही लागत नसे. नळापर्यंत बावीस पावलं, इस्त्रीवाल्याच्या ओट्यापर्यंत चौदा. तिथं बसून तो तासन् तास गप्पा हाणायचा. गल्लीबाहेर मात्र तो कुणाचा हात धरल्याशिवाय पाऊल टाकत नसे.

पाहणी संपून दोन आठवडे झाले आणि प्रत्येक दारावर महापालिकेची नोटीस चिकटली. गल्ली पाडणार होते. दहा वर्षं राहत असल्याचा पुरावा जो देईल त्याला समोरच्याच रस्त्यावर खोली, तीही तळमजल्यावर. जो देणार नाही त्यानं आपला रस्ता धरावा. मुदत शुक्रवारपर्यंत.

पुरावा आणणार कुठून? गल्लीत घरांना नंबरच नव्हते. एक्केचाळीस घरांची पत्रं, ओळखपत्रं, सगळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर. कचेरीतल्या साहेबानं गठ्ठा चाळला आणि एवढी माणसं त्या दुकानात पोत्यांवर झोपतात का, असं विचारून आपल्याच विनोदावर हसला. एकमेकांच्या साक्षी चालणार नव्हत्या. बाहेरचा, जाणता माणूस लेखी देत असेल तर बघू, एवढं मात्र तो म्हणाला.

"मागची गल्ली आपल्याहून गलिच्छ," इस्त्रीवाला येईल-जाईल त्याला विचारत होता, "ती सोडून आपल्याच मुळावर का उठलेत?" टेलरबाईचा नवरा ओट्यावर जाईनासा झाला. नव्या जागेत आपल्याला कुणी तरी धरून न्यावं लागेल, हेच तो सारखं बोलत राहिला.

बुधवारी टेलरबाईला एकदम आठवलं, प्राध्यापक! दरवर्षी पोरांना आत पिटाळून हे महाशय गल्लीच्या तोंडाशी, टोपी घालून, सावलीत उभे. आत एक पाऊल टाकतील तर शपथ, बूट मळतील ना! मशीनवर बसल्या बसल्या ती त्यांना खिडकीतून बघत आली होती. बाहेरचा, जाणता आणि वर विद्यापीठाचा शिक्का असलेला माणूस. अडला हरी, दुसरं काय. ठेवणीतलं लुगडं नेसून ती गेली.

प्राध्यापकांच्या खोलीत पंखा फिरत होता आणि भिंतभर जाड पुस्तकं होती. त्यांनी तिला बस म्हटलं नाही. ओळखलंही नाही. ज्यांना सोळा वर्षं हसलो त्यांच्यासमोर हात जोडताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण डोळ्यांसमोर नवरा होता.

"साहेब, तुम्ही सोळा उन्हाळे आमच्या गल्लीत येता," ती म्हणाली. "आम्ही तिथलेच आहोत, एवढं लिहून द्या. माझा नवरा आंधळा आहे. दुसरीकडे तो जगायचा नाही."

प्राध्यापकांनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. खोली मिळणार म्हटल्यावर प्रत्येकालाच आपण जुने रहिवासी असल्याचं आठवतं, असं ते शांतपणे म्हणाले. मग उठून त्यांनी कपाटातून एक जाड अहवाल काढला. त्यावर त्यांचा फोटो होता. आयुष्यभराचं काम आहे, असं सांगत त्यांनी तो लेकराला जपावं तसा टेबलावर ठेवला.

"महापालिकेनं पाडायला तुमची गल्ली निवडली, ती याच्याच आधारावर. मागच्या गल्लीत लोक पिढ्यान् पिढ्या राहतात, तिथं हात लावता येत नाही," ते म्हणाले.

"आणि आमच्या?" टेलरबाईनं विचारलं.

"तुमच्या गल्लीत घर असं कुणाचंच नाही, बाई. आणि यातला एक शब्दही माझ्या मनचा नाही. गेले पंधरा उन्हाळे, एक्केचाळीस दारं, आणि दर वेळी प्रत्येक दारात एकच उत्तर," प्राध्यापकांनी पान उघडून तिच्यासमोर सरकवलं, "'गेल्याच महिन्यात राहायला आलोय.'"