चकलीचं नवं बिऱ्हाड

पिंजऱ्याचं दार उघडून तास झाला, तरी मांजर बाहेर यायचं नाव घेईना. मनीष गुडघ्यांवर बसून "चकली, ए चकली" अशा हाका मारत होता आणि कॉटवर टेकून बसलेल्या रजनीबाईंना हसू येत होतं. पाच वर्षांच्या थोराड मांजरीला फराळाचं नाव ठेवणारा त्यांचाच लेक होता.

लेक म्हणजे कौस्तुभ. हिंजवडीत नोकरी, नेऱ्याला मनीषबरोबर भाड्याचा फ्लॅट. कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी जर्मनीला धाडलं, असं नवऱ्यानं सांगितलं, तेव्हा रजनीबाई छातीच्या ऑपरेशनसाठी पुण्यात दवाखान्यात पडलेल्या. पोरगं आईला न भेटताच विमानात बसलं. आता त्याची मांजर माले गावातल्या घरी आली होती आणि आईचा राग काही उतरला नव्हता.

मनीषनं मांजरीची पथ्यं कागदावर लिहून आणली होती. पहिले काही दिवस एकच खोली, दार बंद. ताटली जुनीच. अंथरायला कौस्तुभचा न धुतलेला टी-शर्ट, कारण ओळखीच्या वासानं तिला धीर येतो. उचलायचं नाही, टक लावून बघायचं नाही, नुसतं जवळ बसून हळू आवाजात बोलायचं. वाचून दाखवताना त्यानं एकदाही मान वर केली नाही. चहा न घेताच तो निघाला.

"माझीबी पथ्यं हीच हायेत की," रजनीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "एक खोली, आन दगदग न्हाई."

एकनाथराव हसले नाहीत. महिन्यापूर्वी धरणापलीकडं भावकीतलं कुणी गेलं म्हणून त्यांनी मिशी उतरवली होती, ती अजून नीट आली नव्हती. त्यामुळं त्यांचा चेहराच परका वाटायचा.

चकलीनं पाकिटातलं खाणं हुंगलंसुद्धा नाही. दूध नाही, अंडं नाही. खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी, असा तिचा खाक्या. दिवसभर ती कपाटाखाली बसून राही. संध्याकाळी रस्त्यावर एखादी मोटारसायकल वाजली की मात्र धावत दाराशी येई आणि ओरडू लागे. कौस्तुभ कामावरून यायची ती वेळ.

शेजारच्या नथूनं समजूत घातली. कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं असतं, घर पटलं की खाईल, असं त्याचं म्हणणं. रजनीबाईंना ते पटलं नाही. हिला घर नको होतं, माणूस हवा होता, हे त्यांना दिसत होतं. आपल्या दारात ही उपाशी मेली तर लेकाला काय तोंड दाखवायचं, या धास्तीनं त्यांना झोप लागेना.

गावातल्या बाया बघायला येत. दोन मिनिटं बसत आणि पदरानं डोळे टिपत उठत. एवढी दया दाखवायला आपण काय मरायला टेकलोय का, असं रजनीबाईंना वाटे. ऑपरेशन तर झकास झालं होतं.

कौस्तुभचा फोन येत नसे. तिकडं कामाच्या जागी फोन नेऊ देत नाहीत आणि वेळही उलटी, असं एकनाथराव सांगत. निरोप तेवढे येत. ते चष्मा लावून वाचून दाखवत: आई, मी बरा आहे, गोळ्या वेळेवर घे. आपलाही आवाज पाठवता येतो, हे रजनीबाईंना ठाऊक होतं. पण त्या रुसल्या होत्या.

"त्याला कळवा," त्या म्हणाल्या, "तुजी मांजर जेवली की मगच आई बोलंल."

"बरं," एकनाथराव म्हणाले आणि बाहेर गेले.

एक गोष्ट मात्र नवलाची घडली. जन्मभर मांजर दिसलं की पायताण उचलणारा हा माणूस रोज दुपारी चकलीच्या खोलीत जाऊन बसू लागला. बायको गोळी घेऊन आडवी झाली की ते हळूच दार ओढून घेत. कागदावर लिहिलेलं ते एवढं मनावर घेतील, असं रजनीबाईंना वाटलं नव्हतं. त्यांना नवऱ्याचं फार कौतुक वाटलं.

बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी बोंबील भाजला, कुस्करून तळहातावर घेतला आणि कपाटाजवळ जमिनीवर बसल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग हाताला खरखरीत जीभ लागली. चकलीनं सगळा बोंबील संपवला, वर बोटंही चाटली. रजनीबाई तिथंच रडल्या. त्या रडण्यात लेकावरचा सगळा राग वाहून गेला. पोटच्या पोरावर रुसायचं तरी किती दिवस?

एकनाथराव खाचराकडं गेले होते. ते आले की फोन मागायचा आणि लेकाशी पोटभर बोलायचं, असं ठरवून त्या वाट बघत पडल्या. गोळीनं डोळा लागला. जाग आली तेव्हा दाराशी एकनाथरावांच्या चपला होत्या.

भिंतीला धरत रजनीबाई आतल्या खोलीकडं निघाल्या. काय बोलायचं ते मनात जुळवत होत्या. बाळा, तुजी मांजर जेवली. मी रुसले न्हाई आता. थंडीत कानाला बांधत जा.

खोलीचं दार ओढलेलं होतं. आतून मांजरीचं ओरडणं आणि एकनाथरावांचा हळू आवाज येत होता. रजनीबाई हसून थांबल्या. नवरा मांजरीशी काय बोलतो ते त्यांना ऐकायचं होतं.

"रजनीम्होरं आसं दाराशी बसू नको. तिच्या छातीची जखम अजून कच्ची हाये," ते म्हणत होते. "तो न्हाई यायचा, चकले. मी माज्या हातानं अग्नी दिलाय त्याला."