शेवटच्या नंबरचं सील

राजकोटच्या आमच्या पंपाच्या सुट्या भागांच्या गोदामात जयसुखशेठनी वर्षभराच्या खपाची क्रमवारी भिंतीवर लावली. त्यांच्या जावयाकडून येणारं रबरी सील पहिलं होतं आणि मी निवडून मागवलेलं सगळ्यांत शेवटी.

"मावजीभाई, बावीस वर्षं माल तुम्हीच निवडताय ना? वाचा, मोठ्यानं वाचा," शेठ सगळ्यांसमोर म्हणाले.

मी वाचलं. मग चाचरत म्हणालो, "शेठ, ते पहिलं दोन महिन्यांत गळतं, म्हणून तेच गिऱ्हाईक पुन्हा येतं. हे एकदा बसवलं की पाच वर्षं बघावं लागत नाही. म्हणजे, मला तरी तसं वाटतं."

"मग? आपण माल विकतो की मोटरींना आशीर्वाद देतो? सोमवारी हे सील भंगारात जाईल. आणि त्याच्याबरोबर तुम्हीही घरी."

माझंच काही चुकलं असेल, असं म्हणत मी त्या सीलची खोकी खाली काढू लागलो. दारापर्यंत गेलेले शेठ परत आले आणि आवाज उतरवून म्हणाले,



"त्यातली चार बाजूला ठेवा. माझ्या वाडीवरच्या मोटरीला तीच लागतात."