कोरा रकाना

“अपुरं? माझं टेंडर अपुरं?” आबासाहेबांनी टेबलावर थाप मारली. पेपरवेट हलला, साहेब हलले नाहीत.

“दराचा रकाना कोरा आहे,” सरनाईक साहेब म्हणाले. “म्हणून नामंजूर केलं. त्यावर तुम्ही हरकत घेतलीत. तीच ऐकायला बसलोय. बोला.”

बहात्तरचा दुष्काळ होता. तिसगावच्या बाहेर रस्त्याचं काम निघालं होतं आणि उन्हात खडी फोडणाऱ्या बायामाणसांना प्यायचं पाणी पुरवायचं कंत्राट द्यायचं होतं. दोनच लखोटे आले. एक गनीभाई गाडीवानाचा. त्याच्याकडे दोन गाड्या आणि बरगड्या दिसू लागलेले चार बैल. हे काम मिळालं तर चाऱ्याची सोय होणार, नाहीतर येत्या बाजारी बैल मातीमोलाने विकावे लागणार. त्याने सगळे रकाने नीट भरले होते आणि आता तो दाराशी बाकावर अंग चोरून बसला होता.

दुसरा लखोटा आबासाहेबांचा. आबासाहेबांची एक रीत होती आणि ती साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त नुकत्याच बदलून आलेल्या सरनाईक साहेबांना. आबासाहेब टेंडरवर नाव घालत, सही ठोकत, अनामत भरत. दर मात्र लिहीत नसत. असलं हलकं काम मोठ्या माणसाने का करावं? बाकीचे लखोटे फुटले की हेडक्लार्क कानिफराव त्यातला सगळ्यात कमी आकडा हेरायचे आणि त्याहून चार आणे खाली आबासाहेबांच्या रकान्यात लिहून टाकायचे. सरकारचे चार आणे वाचायचे, आबासाहेबांना कंत्राट मिळायचं आणि कानिफरावांच्या घरी दिवाळीला तुपाचा डबा जायचा. बाकीच्यांनी टेंडर भरणंच सोडून दिलं होतं. यंदा घोटाळा एवढाच झाला, की साहेबांनी लखोटे स्वतः फोडले आणि आबासाहेबांचा आधी फोडला.

“साहेब, तुमी नवे हाय, म्हनून सांगतो.” आबासाहेब खुर्चीत रेलले. “चावडीवर पत्रं मी घातलं. शाळंची भिंत मी बांधली. तळ्यातला गाळ मी काढला. एका तरी टेंडरात दर लिवला हुता का? इचारा कानिफरावांना! इतकी वर्सं कोरं चाललं, आन् आजच अपुरं झालं व्हय?”

कानिफराव खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर एक वाळका लिंब होता. तो त्यांना एकाएकी फार आवडला.

“म्हणजे रकाना कोरा ठेवायचा, ही इथली पद्धत आहे?” साहेबांनी विचारलं.

“व्हय! लई जुनी!”

“आणि तो भरायचा कचेरीने?”

“कचेरीनंच की! तुमी आकडा घालायचा, आमी मान्य करायचा. आजवर एका शब्दानं कुरकुर केली न्हाई.”

“हे लिहून द्याल?”

आबासाहेबांनी तिथल्या तिथे लिहून दिलं आणि खाली लफ्फेदार सही केली. आपण चोरी कबूल करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. आपण हक्क मागतोय, अशीच त्यांची समजूत. त्यांना तरी कशाला नावं ठेवा? इतक्या वर्षांत ही चोरी आहे असं तोंडावर सांगायची छाती तालुक्यात कोणाची झाली नव्हती.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. “हरकत मंजूर,” ते म्हणाले. “तुमचं टेंडर ग्राह्य धरतो. गनीभाईंपेक्षा कमी दराने ते पास होईल.”

गनीभाई बाकावरून उठला. “सायेब, माजे बैल...”

“गनी, तुला आधीच सांगितलं हुतं,” आबासाहेब हसत म्हणाले, “आमच्या वाटंला जाऊ नको म्हनून. जा, बैलास्नी बाजार दाखव.” असं हसणारा माणूस बघितला की अंगाचा तिळपापड होतो. पण कचेरीत सगळे पोटार्थी. सगळ्यांनी माना फायलींत घातल्या.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. कानिफरावांनी सवयीने हात पुढे केला.

“द्या साहेब, आकडा मी घालतो.”

“नको. मला पण पद्धत शिकू द्या.”

साहेबांनी कोऱ्या रकान्यात सावकाश दर लिहिला, आधी अंकी, मग अक्षरी. मग कागद आबासाहेबांपुढे सरकवला.

खेपेला एक पैसा.

आबासाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. पैसा एकच होता. तीन कोसांवरच्या विहिरीतून पाणी शेंदायचं, टाकी भरायची, गाडी जुंपून कामावर आणायची, आणि हे सगळं त्या एका पैशात.

“साहेब, ह्यात गाडीचं वंगनबी सुटायचं न्हाई!”

“आकडा कचेरीने घालायचा, तुम्ही मान्य करायचा. आत्ताच लिहून दिलंत.” साहेबांनी टोपण बसवलं. “उद्या सकाळी गाड्या कामावर हजर करा. माघार घेतलीत तर अनामत जप्त आणि नाव काळ्या यादीत. मग जिल्ह्यात कुठलंच कंत्राट मिळायचं नाही.”

आबासाहेबांनी कानिफरावांकडे पाहिलं. कानिफराव फायली शोधायच्या निमित्ताने आतल्या खोलीत सटकले होते. आबासाहेबांचा चेहरा उतरला. ते खुर्चीतून उठले, आणि त्या कचेरीत आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हात जोडले.

“साहेब, नामंजूर करा हो! माझं टेंडर लई अपुरं हाय!”